भागूचं पुढं काय झालं

४ डिसेंबर २०२३

ईश्वरीला एक बाई पाहिजे आहे. प्रेरणादायी. तशी नसेल तर निदान कुतूहल वाटावं अशी तरी. गारखेड्यात भांडी घासायला बाई मिळता मिळत नाही आणि हिला पंधरा जानेवारीच्या आत प्रेरणादायी पाहिजे.

झालंय असं, की बंगळूरकडच्या एका खासगी विद्यापीठात तिला जायचं आहे. तिथं मार्क कमी आणि निबंध जास्त बघतात म्हणे. 'तुम्हाला प्रेरणा देणारी किंवा कुतूहल वाटायला लावणारी एक स्त्री' असा विषय, इंग्रजीत. निबंध आवडला तर मुलाखत, मुलाखत आवडली तर फी माफ. फी माफ झाली तरच जायचं, हे ह्यांनी आधीच सांगून टाकलंय. नाही झाली तर इथलं कॉलेज आणि बिडकीनकडचं एखादं स्थळ. ह्यांचा प्लॉटिंगचा धंदा तिकडचाच, त्यामुळे ह्यांना रोज नवा मुलगा भेटतो. परवा पुंजाराम म्हणून कोणा भागीदाराचा मुलगा 'सहज' बघून आले. पोरगी अजून अठराची व्हायची आहे.

ईश्वरीनं जावं असं मला फार वाटतं. हे कोणाजवळ बोलले नाही. इथं लिहायला हरकत नाही, कारण ही डायरी कुठल्याशा सिमेंटवाल्यानं ह्यांना भेट दिलेली आहे आणि ह्यांनी आजवर एकही डायरी उघडून पाहिलेली नाही.

७ डिसेंबर

बायांची छाननी जोरात चालू आहे. निबंध शिकवणाऱ्या ऑनलाइन क्लासच्या मॅडम दिल्लीला असतात. त्यांचं म्हणणं, थोर बायका नकोत, त्यांच्यावर सगळेच लिहितात. ओळखीतली बाई शोध, पण तिला गोष्ट पाहिजे.

ह्यांनी लगेच आपल्या बहिणीचं नाव पुढं केलं. सरूबाई आत्या. पाच वर्षं सरपंच होत्या. "लई कर्तबगार बाई हाय ती, तिच्यावरच लिही," म्हणाले. त्या पाच वर्षांत ग्रामपंचायतीत त्यांचे मालक बसत आणि आत्या घरी बसून सह्या करत. सही मात्र झोकदार करतात. ईश्वरीनं दोन वाक्यं लिहिली आणि तिचं तिलाच हसू आलं.

मग तिनं फरशी पुसायला येणाऱ्या दगडाबाईंना गाठलं. तुमचा संघर्ष सांगा म्हणाली. दगडाबाई म्हणाल्या, "फरशी वाळू द्या आधी, मग सांगते." फरशी वाळली तेव्हा त्या पुढच्या घरी गेल्या होत्या.

१० डिसेंबर

दुपारी मेथी निवडत होते तर ईश्वरी येऊन शेजारी बसली. तुला लहानपणी काय व्हायचं होतं, असं विचारलं. मी म्हटलं, तुझी आई. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. बारावीनंतर का शिकली नाहीस, म्हणाली. मी म्हटलं, डोकं नव्हतं. मग आजी कशी होती, तुमच्या घरी कोण कोण होतं, तू शाळेत काय करायचीस, असलं सगळं विचारत बसली. हातानं मेथी मोडत होती, तीही देठासकट. शेवटी बघते तर शेजारी फोन ठेवलेला आणि त्यात आवाज भरायचं चालू. मी म्हटलं, बंद कर ते, बॅटरी संपेल. तिनं फोन उचलला आणि ती उठून गेली.

कामाच्या वेळी बरं सुचतं हिला हे सगळं. आत्या झाली, दगडाबाई झाल्या, शाळेतल्या बाई झाल्या. आईवर लिहावं असं काही पोरीच्या डोक्यात येत नाही. येणार कसं? घरातली बाई ही पंख्यासारखी, बंद पडली की दिसते. राहिलं. मी काही सुचवायला जाणार नाही.

१६ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

ईश्वरी मैत्रिणीकडे गेली होती. त्या मैत्रिणीचे आजोबा गोसावी सर, भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हिनं त्यांनाही विचारलं की तुमच्या पाहण्यात एखादी बाई आहे का. सर म्हणाले, एक मुलगी होती. भागू.

जेवताना ईश्वरीनं आम्हाला सगळं सांगितलं. घास हातात तसाच. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्याची नहर आटली होती. नहर म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा शेकडो वर्षांपूर्वीचा पाट, त्याला मधेमधे विहिरीसारखी तोंडं. नहर मेली, आता टँकरच, असं सगळे म्हणत होते. भागू तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, कुठल्याशा खेड्यातून आलेली. तिची एक मैत्रीण त्या मोहल्ल्यातली. भागू रोज कॉलेज सुटलं की एकेका तोंडात दोरीला दगड बांधून सोडायची, वर आलेला दगड हातात घेऊन बघायची. एका ठिकाणी दगड ओला आला आणि पुढच्या ठिकाणी कोरडा. ती म्हणाली, नहर मेली नाही, इथं मधे अडली आहे. कोणी विश्वास ठेवला नाही तेव्हा कमरेला दोर बांधून स्वतः खाली उतरली. पिंपळाची मुळं आणि दगडमाती, भिंतच झाली होती. मग मोहल्ल्यातली मुलं उतरली, आठवडाभर खणलं, आणि पाणी आलं. "मी वर दोर धरून उभा होतो," सर म्हणाले, "आणि मीच घाबरलो होतो. तशी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही." त्यानंतर भागू कॉलेजला आलीच नाही. आडनाव सरांना आठवत नाही, वर्गात सगळे तिला भागूच म्हणत.

"आई, अशी मुलगी आपल्या गावात होती आणि कुणाला माहीतच नाही," ईश्वरी म्हणाली. मी विचारलं, भाजी वाढू का.

भागू मीच आहे.

दोर कमरेला काचून आठ दिवस वळ होता. तो सर सांगत नाहीत, कारण त्यांनी तो पाहिला नाही. पाणी आलं त्या दिवशी पेपरवाला आला होता. मी चिखलात माखलेली वर येत होते आणि माझ्या त्या मैत्रिणीच्या, जाहेदाच्या भावानं वर ओढायला हात दिला होता, नेमका तोच फोटो छापला. बिडकीनच्या एसटी स्टँडवर कोणीतरी तो पेपर आमच्या वडिलांच्या हातात ठेवला. वडील मला न्यायला आले. महिन्याच्या आत लग्न. मुलगा बारावी पास, म्हणून इकडच्यांना सांगितलं की मुलगीही बारावीच. जास्त शिकलेली सून नको, असा सासूबाईंचा निरोपच होता.

आणि लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरतात, त्यात नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. सासूबाईंना भागू हे नाव गावंढळ वाटलं. ह्यांनी 'मंजुषा' लिहिलं, तेसुद्धा भटजींना विचारून, कारण पोटफोड्या ष कुठं येतो ते ठाऊक नव्हतं. भाऊ मला अक्का म्हणतात. भागू म्हणणारे आईवडील ईश्वरी जन्मायच्या आधीच गेले. ईश्वरीच्या कानावर ते नाव पडायचं कारणच नव्हतं. गेल्या फेब्रुवारीत शहराचं नाव बदललं तर अजून लोक त्यावर वाद घालतात. माझं बदललं त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले.

१७ डिसेंबर

सांगावं का? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. सांगितलं नाही.

२१ डिसेंबर

दिल्लीच्या मॅडमना भागू फारच पसंत पडली. म्हणाल्या, हीच बाई घे, फक्त पुढं तिचं काय झालं ते शोधून काढ. शेवट पाहिजे.

त्यामुळे घरात दोन दिवस भागूचं भविष्य ठरवणं चालू आहे. ईश्वरीच्या मते ती परदेशात असणार. नाहीतर एखाद्या धरणाच्या कामावर मोठी अधिकारी. मी म्हटलं, लग्न करून कुठं तरी भाकरी थापत असेल. ईश्वरीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी घाण बोलले आहे. म्हणाली, "आई, तुला नाही कळणार. तशा बायका वेगळ्या असतात. त्या असं ऐकून घेत नाहीत."

मी ऐकून घेतलं. मला राग आला होता आणि त्याच वेळी बरंही वाटत होतं. वीस-पंचवीस वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं. सांगितलं तर तिची भागू जाईल आणि तिला मिळणार काय, तर मी.

२६ डिसेंबर

ईश्वरी जुन्या शहरात जाऊन आली. नहरीचं ते तोंड आता एका दुकानाच्या ओट्याखाली गेलंय. दुकानदारानं सांगितलं, ती मैत्रीण म्हणजे जाहेदा, उर्दू शाळेत शिकवते, उद्या घरी भेटेल. ईश्वरी उड्या मारत होती. जाहेदाला मी लग्नानंतर एकदाही भेटले नाही. मला मनाई होती, आणि नंतर मनाई करणारं कोणी उरलं नाही तेव्हा तोंड दाखवायला लाज वाटली.

२७ डिसेंबर

संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ऐकताच ओळखला, नंबर ईश्वरीनंच दिला असणार. जाहेदानं नमस्कार-सलाम काही केलं नाही.

"भागू, तेरी बेटी आयी थी. दरवाजे में खडी रही तो मेरेकू लगा तूच आयी. मैं उसको देख के रोने लगी, वो पूछी क्या हुआ, तो मैं बोल दी. मेरेकू झूट बोलना नै आया."

मी विचारलं, मग ती काय म्हणाली.

"पानी मंगी. गिलास हात में पकड के बैठी रही, पी नै."

पुढं जाहेदा विचारत होती, तू कशी आहेस, इतकी वर्षं कुठं होतीस. कुठं होते म्हणजे, तिच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर. मी म्हटलं, कुकर लावलाय, नंतर बोलते.

२८ डिसेंबर

ईश्वरी काही बोलली नाही. मीही नाही. काल आली तेव्हापासून ती माझ्याकडे बघते आणि मी वळले की नजर काढून घेते. आज तिनं न सांगता भांडी घासली, ती परत घासावी लागली. माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि जिन्यावरून वर नेली.

लाज वाटत असेल तिला. परदेशातली, धरणावरची भागू शोधायला गेली आणि सापडली ती रोज डबा भरून देणारी. मलाही तिच्या जागी असते तर लाज वाटली असती.

५ जानेवारी २०२४

ती खोलीत मॅडमशी बोलत होती, दार अर्धं उघडं. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, मुद्दाम नाही. ईश्वरीनं निबंध पूर्ण केला होता, आणि शेवटी भागू ही माझी आई आहे असं लिहिलं होतं.

मॅडमचा आवाज फोनवर मोठा येत होता. त्यांचं म्हणणं, सगळं उत्तम, पण शेवट पडतो. एवढी धीट मुलगी आणि शेवटी स्वयंपाकघर, वाचणाऱ्याला वाटणार ती हरली. शिवाय आईवर निबंध म्हणजे दर दुसऱ्या मुलाचा तोच विषय, समितीला कंटाळा येतो. त्यापेक्षा ती वारली असं कर, किंवा पत्ता लागला नाही म्हण.

"पण मॅडम, ती आहे ना," ईश्वरी म्हणाली. दोनदा म्हणाली. मॅडम म्हणाल्या, विचार कर, तुला जायचंय की नाही.

फोन ठेवून ती पलंगावर बसली. बाहेर हे पुंजारामांशी फोनवर बोलत होते, रविवारी या म्हणत होते, पोरगं घेऊन या. मी घड्या घेऊन आत गेले. तिच्या कपाटात ठेवता ठेवता म्हटलं, "मेली असं लिही. पत्ता लागला नाही म्हणशील तर ते विचारतील, का नाही लागला."

"आई," ती म्हणाली.

"आणि लग्नानंतर लगेच मेली म्हण. पुढचं मग काही सांगावं लागत नाही."

तिनं माझा पदर धरला. मी म्हटलं, दूध उतू जाईल. दूध गॅसवर नव्हतं.

१४ जानेवारी

निबंध गेला. संक्रांतीच्या पोळ्या करायच्या म्हणून मी वाचायला नकार दिला, तर लॅपटॉप ओट्यावर उघडा ठेवून ती आंघोळीला गेली. पाऊण तास आंघोळ करत होती. मी सगळा वाचला. मला इंग्रजी इतकं येतं हे ह्या घरात फक्त तिला माहीत झालंय.

चांगलं लिहिलंय. दगड ओला येतो ती जागा वाचताना माझ्या हाताला गार लागलं. शेवटी लिहिलंय, की भागू विसाव्या वर्षी गेली, लग्नाच्या संध्याकाळी, आणि तिच्या घरच्यांनी तिचं सुतक पाळलं नाही. मॅडमना शेवट आवडला म्हणे. मला त्यात एवढं काही वाटलं नाही. सुतकाचं परक्या लोकांना काय कळणार?

११ फेब्रुवारी

मुलाखत झाली. लॅपटॉपवरच. ईश्वरी पुढच्या खोलीत बसली होती, हे सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असे. इंग्रजी ह्यांना समजत नाही, पण मान हलवत होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

भागूबद्दल बरंच विचारलं. ती ठणठणीत उत्तरं देत होती. मग एका बाईनं विचारलं, ही भागू आज जिवंत असती तर तू तिला काय म्हणाली असतीस. ईश्वरी म्हणाली, मी तिला विचारलं असतं, की तू मला का सांगितलं नाहीस. बाईंना वाटलं असेल, नहरीबद्दल.

मग मला ज्याची धास्ती होती तोच प्रश्न आला. तुझी आई काय करते.

"घर सांभाळते," ईश्वरी म्हणाली. "ती फारशी शिकलेली नाही."

बरोबरच बोलली. तिथं दुसरं काय बोलायचं होतं? आईबद्दल विचारलं तर असंच सांग, हे मीच तर शिकवलं होतं. तरी मला वाटलं, थोडं अडखळून बोलेल.

१९ मार्च

निकाल लागला. फी पूर्ण माफ, राहणं-जेवणही. ह्यांनी गल्लीभर पेढे वाटले. संध्याकाळी पुंजाराम आले, सोबत बायको आणि तो मुलगा. ह्यांनी छाती काढून सांगितलं, पोरगी बंगळूरला चालली, चार वर्षं. पुंजाराम म्हणाले, आम्ही थांबू की चार वर्षं, शिकलेली सून कोणाला नको झालीय आता. त्या मुलानं पेढा घेतला आणि फोनमधून मान वर काढली नाही.

पुंजारामांच्या बायकोनं विचारलं, निबंध कशावर लिहिला होता. ह्यांनीच सांगायला घेतलं. "भागू म्हणून एक पोरगी होती आपल्या शहरात. दोर बांधून नहरीत उतरली, मोहल्ल्याला पाणी आणलं. लई धाडसाची. लग्न झालं आन् मेली बिचारी." ह्यांनी ते इतकं मनापासून सांगितलं, की पुंजारामांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी त्यांना म्हटलं, पाणी देऊ का.

मी पाण्याचे ग्लास घेऊन आले तेव्हा हे एकदम थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, तुझं माहेरचं नाव काय होतं? असंच कायतरी होतं ना? पत्रिकेत होतं बघ."

ईश्वरी दाराशी पेढ्यांचा बॉक्स धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती बोलणार असं वाटलं, ओठ हललेही. विद्यापीठाचं पत्र तिच्या फोनमध्ये होतं आणि पुंजारामांचा मुलगा तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही हे मला बरं वाटलं असं मी इथं लिहिणार होते. बरं वाटलं नाही. जागच्या जागी बसून रडावंसं वाटलं.

"नाही," मी म्हटलं. "माझं वेगळं होतं."

"व्हय? मग भागू कुणाचं गं?"

"असेल कोणा दुसरीचं," मी म्हटलं, आणि पुंजारामांच्या पुढं ग्लास ठेवला.